‘गटात बसले तर मी मागे पडेन’

संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या विभागाने चौघाचौघांचे अभ्यासगट नुकतेच सक्तीचे केले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आपण जागरणे करून जे मिळवतो ते इतरांना आयते मिळणार आणि परीक्षेत आपलाच क्रमांक घसरणार, अशी तिची तक्रार होती. अभ्यासू मुलांकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की तिला निव्वळ स्वार्थ म्हणणे मला पटत नाही. तिच्यात तथ्यही आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढणाऱ्यांची ताकद मोजली, तेव्हा माणसे वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेल्याचे त्याला आढळले. हे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले.

समजूत घालण्याऐवजी मी तिला आदल्या दिवशीचा अभ्यास मला शिकवायला सांगितले. माझा गणिताशी संबंध शाळेतच सुटला, आणि ते अज्ञान त्या दिवशी कामी आले. तिने पेन्सिल घेतली, दहा आकडे मांडले आणि नमुन्याचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप, काढून दाखवले: प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करायची, फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, तिला नऊने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. आकडे दहा असताना नऊने का भागायचे, असे मी विचारले आणि पेन्सिल थांबली. “सूत्रच तसं आहे, मॅडम,” ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने, “कारण परीक्षेत विचारत नाहीत.”

दुसऱ्या भेटीत तिने स्वतःहूनच सांगितले, की आपले ज्ञान वाटले जाण्यापेक्षा आपल्याला काय येत नाही हे चारचौघांत उघडे पडण्याची धास्ती तिला अधिक होती.

तेव्हा मी तिला युरी ट्राइसमन या गणितज्ञाच्या कामाबद्दल सांगितले. १९७०च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी पाहिले, की कष्टाळू असूनही कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मागे पडणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी एकेकटे अभ्यास करत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने गणिते सोडवून मग एकत्र बसत आणि एकमेकांच्या चुका तपासत. यातला ‘आधी एकट्याने’ हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो वगळला की गट म्हणजे गप्पांचा अड्डा होतो. तिने गटापुढे तोच नियम ठेवला: प्रत्येकाने स्वतःचा कच्चा प्रयत्न लिहून आणायचा आणि जो जिथे अडला असेल त्याने तिथूनच बोलायला सुरुवात करायची.

तिसऱ्या भेटीत तिने माझ्या वहीत दहा चौकोन काढले. नऊचे कोडे गटातल्या ज्या मुलाला ती सर्वांत कच्चा समजत होती, त्यानेच उलगडले होते, कारण दोन दिवस तोही तिथेच अडून बसला होता. सरासरी त्याच दहा आकड्यांची असल्यामुळे फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. म्हणजे नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो, त्याला स्वातंत्र्य उरत नाही. शेवटच्या चौकोनावर बोट ठेवून तिने हे मला दोनदा समजावले, आणि दुसऱ्यांदा मलाही कळले.

चौथा सदस्य मात्र अजूनही रिकाम्या हाताने येतो. त्याबद्दल प्राध्यापकांशी कसे बोलावे, यासाठी आमची पुढची भेट ठरली आहे.