थंडी सोसणारी जात शोधण्याआधी एकदा मुळं उकरून बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि माझा २०१९ चा जानेवारी डोळ्यांपुढे उभा राहिला. पाचगणीच्या वरच्या अंगाला घरामागे लावलेलं तुमचं तीन वर्षांचं अॅव्होकॅडो, दिवाळीपर्यंत बरं होतं, आता पानं तपकिरी होऊन लोंबतायत. सगळे म्हणतात थंडीने गेलं, म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी पाणी देताय आणि थंडी सोसणारी जात कुठे मिळेल असं विचारताय. जातीचं सांगते, पण पाणी आजच बंद करा. झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर खुरप्याने वीतभर माती अलगद बाजूला करा आणि बारीक मुळं बघा. पांढरट, लवचीक असतील तर थंडीचं बोलू. काळी पडून बोटात चुरा होत असतील तर तुमचं झाड थंडीने आजारी नाही.

माझंही नव्हतं, पण हे मला फार उशिरा कळलं.

माझं माहेर तासगावचं, द्राक्षबागेतच वाढले. थंडीचा कडाका वाढला की वडील रात्री बागेला पाणी सोडायचे आणि पहाटे बांधावर धूर करायचे. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे पाणी सोडणं बरोबरच होतं. इकडे भिलारच्या बाजूला सासरी आल्यावर मी तेच ज्ञान अॅव्होकॅडोला लावलं. तरी मनात शंका होती, म्हणून करपलेली पानं आणि मातीचा नमुना घेऊन मी एका शेतीविषयक कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही, तिथे चांगली माणसंही आहेत. समोरच्यांनी पानं पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाहीत. "थंडीचा फटका आहे, संध्याकाळी पाणी देत चला," एवढं सांगून पुढच्या माणसाला बोलावलं. झाड कुठे आहे, खड्डा कशात खणलाय, पावसात पाणी किती वेळ थांबतं, यातला एकही प्रश्न नाही. मातीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला, तोवर फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या होत्या. अहवालात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू (पीएच) होता. निचऱ्याबद्दल अक्षर नव्हतं. त्या तीन आठवड्यांत मी रोज दोन बादल्या पाणी घातलं. झाड वाचलं असतं की नाही ते सांगता येत नाही, पण त्या पाण्याने ते नक्की संपवलं. याचा राग माझ्या मनात अजून आहे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, माणूस दुसरीकडे विचारतो. ठाम आवाजात सांगितलेलं चुकीचं उत्तर माणूस घरी जाऊन पाळतो.

अॅव्होकॅडोची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या वीतभर थरात असतात, त्यांना केसमुळं, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केस, जवळजवळ नसतातच, आणि त्यांना हवा लागते. पाणी साचलं की फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू ती कुजवतो. आपल्याकडे हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतं, पण तेव्हा दिसत नाही, कारण ढग, धुकं आणि ओलसर हवेमुळे झाडाला पाणी कमी लागतं. पाऊस उघडतो, कोरडा वारा आणि ऊन सुरू होतं, झाड पाणी मागतं आणि ओढायला मुळंच शिल्लक नसतात. ओल्या मातीत उभं राहून झाड तहानेने सुकतं. नेमकी तेव्हाच थंडी पडलेली असते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

थंडीचा खरा मार कसा दिसतो तेही सांगते, कारण पुढे एकदा मी तो पाहिला. तो एका रात्रीत येतो. सकाळी शेंड्याची आणि उघड्या आभाळाकडची कोवळी पानं उकडल्यासारखी काळपट होतात, पत्र्याच्या वळचणीखालची पानं मात्र हिरवीच राहतात. मूळकुजीत पानं आधी लहान आणि फिकट येतात, मग आठवडे-आठवडे माना टाकतात. तुम्ही लिहिलंय की नवी पालवी सप्टेंबरपासूनच बारीक येत होती. म्हणूनच मला तुमच्या मुळांची काळजी वाटते. अर्थात मी फोटो आणि चार ओळींवरून बोलतेय, मी काही शेतीतज्ज्ञ नाही. मुळं बघूनच ठरवा.

माझी मूळ चूक २०१६ च्या जूनमधली, लावतानाची. आंब्याला करतात तसा तीन फुटी खड्डा घेतला. आमच्याकडे वर तांबडी माती आणि खाली जांभा दगड. पहार लावून जांभा फोडला, तळाला दोन पाट्या शेणखत, वर तळ्यातला गाळ आणि मधोमध कलम. दिसायला राजेशाही, प्रत्यक्षात मी दगडात हौद बांधला होता. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. पाचगणीकडे येता येता तो खूप कमी होतो, तरी आमच्या पट्ट्यात जुलैत आठ-आठ दिवस उघडीप नसते. आजूबाजूचं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरून बसायचं. शिवाय शेणखत कुजून बसलं तसं झाडही चार बोटं खाली गेलं आणि कलमाचा जोड मातीखाली गेला. मेलेलं झाड फेब्रुवारीत उपटलं तेव्हा ते एका हाताने वर आलं आणि तळातून आंबूस वास आला.

दुसऱ्या वेळी खड्डाच घेतला नाही. जमीन वरवर उकरली आणि त्यावर आजूबाजूच्याच मातीचा दीड-दोन फूट उंच, पाच फूट रुंद ढीग घातला. झाड ढिगाच्या माथ्यावर, जोड मातीच्या चांगला वर. वरच्या अंगाला चर काढून उताराचं पाणी वळवलं. वर उसाचं पाचट टाकते, ते वाईकडून मिळतं, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवते. ते झाड आज उभं आहे आणि २०२३ मध्ये त्याने पहिली अकरा फळं दिली. फळ झाडावर पिकत नाही, काढल्यावर आठ-दहा दिवसांनी मऊ होतं, हे ठाऊक नसल्याने पहिली दोन वानरांना सोडून दिली.

तुमचं झाड निम्म्याहून कमी वाळलं असेल तर आळं मोडा, खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट द्या आणि वरचा थर वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. मूळकुजीसाठी फॉस्फोनेट वर्गातलं औषध जगभर वापरतात, पण प्रमाण डब्यावरचं वाचूनच घ्या, माझ्या अंदाजाने नको. निम्म्याहून जास्त गेलं असेल तर माझं स्पष्ट मत, औषधावर पैसे घालू नका. आणि त्याच खड्ड्यात दुसरं अॅव्होकॅडो लावू नका, रोग मातीत राहतो.

आता जाती. मेक्सिकन वंशाची झाडं थंडीला सगळ्यात काटक. पान चुरडलं की बडीशेपेसारखा वास येतो. 'मेक्सिकोला' नावाची जात त्यातली, तिचं मोठं झाड उणे ६ अंशांच्या आसपासही तगतं. बेकन, फुएर्ते मधल्या. फुएर्ते म्हणजे स्पॅनिशमध्ये बळकट. १९१३ च्या कॅलिफोर्नियातल्या कडाक्यात ती तगली म्हणून हे नाव पडलं. हास उणे १-२ पर्यंतच. वेस्ट इंडियन वंश सगळ्यात नाजूक. पण हे आकडे मोठ्या, निरोगी झाडांचे आहेत, दोन वर्षांच्या रोपाला लागू करू नका. आणि आपल्याकडे किती थंडी पडते बघा. महाबळेश्वरला वेण्णा तलाव, लिंगमळ्याच्या खोलगटात दहिवर गोठून गाड्यांच्या टपांवर पांढरा थर बसतो, तेव्हा वर बाजारपेठेत काही नसतं, कारण जड थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खाली साचते. म्हणून झाड खोलगटात नको, उतारावर किंवा घराच्या भिंतीच्या उबेला लावा. एवढं केलंत तर दुर्मीळ जातीसाठी रोपवाटिका पालथ्या घालायची गरज नाही असं मला वाटतं. "थंडीची खास जात" म्हणून दुप्पट भावाने बीपासून केलेली रोपं विकली जातात. घेताना कलमाचा जोड डोळ्यांनी बघा.

पहिली तीन वर्षं कडाक्याच्या रात्री चार काठ्या रोवून त्यावर जुनी चादर जमिनीपर्यंत सोडा. पानांना टेकू देऊ नका, प्लास्टिक तर नकोच, आणि सकाळी काढा. त्या रात्रीपुरतं पाचट बाजूला करा, उघडी जमीन जास्त ऊब देते. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका, नवी पालवी कुठून फुटते ते दिसू द्या. पानं गळून उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याचा हात द्या, नाहीतर मार्चचं ऊन साल भाजतं.

एक वेगळीच गोष्ट, पण महत्त्वाची. छाटलेला पाला शेळ्या-गाईंपुढे टाकू नका, अॅव्होकॅडोचं पान त्यांना विषारी असतं. आमच्या शेजारच्यांनी नकळत टाकला होता, वेळेत दिसला म्हणून उचलता आला.

मुळं उकरलीत की जवळून, उजेडात फोटो काढून इथेच टाका, आणि खड्डा किती खोल घेतला होता आणि खाली जांभा आहे की मुरूम तेही लिहा. त्यावर पुढचं सांगते.