लॅपटॉप केबिनमध्येच राहू द्या

ताई, माझं वय ४६. अंबडच्या एका ऑटो-पार्टच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो आणि मशीन शॉपचा मॅनेजर झालो. २०१९ साली कंपनीनं मुंबईच्या हेड ऑफिसला नेलं. तिथं सगळ्या प्लांटचे आढावे, ऑडिट आणि पीपीटी. आता प्लांट हेड म्हणून परत आलोय, तीन महिने झाले. मी लाइनवर गेलो की गप्पा थांबतात. मागून 'पीपीटीवाले साहेब' म्हणतात, हेही कानावर आलंय. ज्या नानांनी मला सेटिंग शिकवलं, तेच आता 'साहेब, साहेब' करतात. परवा फिक्स्चर (मशीनवर पार्ट घट्ट धरणारी पकड) ढिलं वाटतंय, लाइन थांबवू का, असं त्यांनी विचारलं. मी आधी डेटा मागितला. संध्याकाळपर्यंत रिजेक्शनचा ढीग लागला. मी काम विसरलोय का? परत हेड ऑफिसला जावं का?
— परतलेला, अंबड

अहो परतलेले,

काम विसरला नाहीत. विसरला असता, तर तो ढीग बघून झोप उडाली नसती.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडखळले: 'मी आधी डेटा मागितला.' हेड ऑफिसात हीच सवय शहाणपणाची असते. तिथं तुम्ही मत द्यायचात, निर्णय प्लांटवाले घ्यायचे आणि शिव्याही तेच खायचे. नानांना तुमच्याकडून मत नको होतं. 'थांबवा, मी बघतो' एवढे तीन शब्द हवे होते. लाइन बंद पडली तर मुंबईला उत्तर कोण देणार, हे त्यांना त्यातून कळलं असतं. तुम्ही आकडे मागितलेत आणि त्यांना वाटलं, साहेब अंग काढतायत.

तेव्हा नानांकडे जा. केबिनमध्ये बोलावू नका, त्यांच्या मशीनपाशी जा आणि सांगा, 'त्या दिवशी माझं चुकलं, लाइन थांबवायला हवी होती.' चारचौघांत सांगितलंत तर उत्तम. ते 'साहेब'च म्हणत राहतील, तिकडे लक्ष देऊ नका. वीस माणसांसमोर त्यांनी तुम्हाला 'अरे' म्हणावं, ही अपेक्षाच चूक आहे.

मी सातपूरला पर्सोनेलमध्ये २६ वर्षं काढली. मुंबईचे साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे आदल्या रात्री पिवळ्या पेंटचे डबे निघायचे, पट्टे आखायला. गळकी मशीन ताडपत्रीखाली जायची. तुमच्या लोकांच्या डोळ्यांत तुम्ही अजून तेच पाहुणे आहात. म्हणून राउंडची वेळ ठरवून जाऊ नका. पाळी बदलताना जा, दहा मिनिटं आधी. एक पाळी दुसरीला लॉगबुकात काय लिहून देते आणि तोंडी काय सांगते, यातली तफावत ऐका. आठवड्यातून एकदा तिसऱ्या पाळीलाही जा. रात्री दोनला कँटीनचा चहा कसा लागतो, हे ठाऊक असलेला प्लांट हेड मी एकच पाहिला. त्याच्या काळात संघटनेचा करार फार ताणला गेला नाही.

टोयोटाचे ताइइची ओनो खडूनं जमिनीवर वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात तासन्‌तास उभं करायचे, नुसतं बघायला. ही गोष्ट तुमच्या एखाद्या स्लाइडवर असणारच. आता स्वतः उभे राहा.

एक मोह मात्र टाळा. 'मलाही येतं' हे दाखवायला ऑपरेटरच्या हातातून पाना घेऊ नका. तुम्ही गेलात तेव्हा गाड्यांच्या धुराचं मानक बीएस-४ होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. ड्रॉइंग्ज बदलली असतील, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) घट्ट झाले असतील, मशीनसुद्धा नवी आली असतील. नव्या पोरांना विचारा, 'सेटिंग बदलल्यावर पहिला पीस कुठे मार खातो?' विचारल्यानं तुमचा मान कमी होणार नाही. हात घातलात आणि पीस बिघडला, तर मात्र ती गोष्ट दुपारपर्यंत गेटवरच्या चहाच्या टपरीवर पोचलेली असेल.

हेड ऑफिसचं विचाराल, तर तीन महिन्यांत कुणी परत जातं का? तुमच्या खुर्चीवर एव्हाना दुसरा बसला असेल.

सोमवारी पहिल्या पाळीला लॅपटॉप केबिनमध्ये ठेवूनच खाली उतरा. आणि त्या फिक्स्चरची पिन बदलली का, ते बघा. नसेल बदलली, तर तिची मागणी बहुधा तुमच्याच सहीसाठी टेबलावर पडून असेल.

— तुमची ताई