आमलेटात पीठ कुठून आलं?

मला सिलिअॅक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने माझ्या आतड्याला इजा होते. बाहेर नाश्त्याला मी फक्त आमलेट खाते, ब्रेडला हातही लावत नाही. तरी पोट बिघडतं. अंड्यात ग्लुटेन असतं का?

अंड्यात नसतं, आमलेटात असू शकतं. आमलेट छान फुगावं म्हणून काही ठिकाणी फेटलेल्या अंड्यात पॅनकेकचं पीठ कालवतात. मेन्यूवर तसं लिहिलेलं नसतं आणि वाढणाऱ्यालाही ते ठाऊक असेलच असं नाही. ‘यात ग्लुटेन आहे का?’ असं विचारलंत तर बहुधा ‘नाही’ हेच ऐकाल. त्यापेक्षा ‘अंडी आत्ता फोडता की मिश्रण तयार असतं? त्यात आणखी काय घालता?’ असं विचारा, आणि उत्तर आतून, स्वयंपाक्याकडून मागवा.

दुसरा संशयित म्हणजे तवा. त्यावर पॅनकेक झाले, ब्रेड भाजला, मग त्याच उलथन्याने तुमची अंडी परतली, की झालंच! स्वच्छ धुतलेल्या वेगळ्या पॅनमध्ये करून मागा. ते जमत नसेल तर कवचासकट उकडलेली अंडी मागवा आणि स्वतः सोला. कंटाळवाणा पर्याय आहे खरा, पण त्यात घोळ व्हायला जागा फार कमी.

तापलेल्या तव्यावर ग्लुटेन जळून जात नाही?

नाही. ते प्रथिन आहे, जंतू नव्हे. सॅनिटायझरचाही उपयोग नाही. साबण लावून घासायलाच हवं. तळणीच्या तेलाचंही तेच: ब्रेडक्रम्ब लावलेले पदार्थ ज्यात तळले, त्यातले बटाटे तुमच्यासाठी बाद.

ओट्स आणि कॉर्नफ्लेक्स तरी चालतील ना?

ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू किंवा जव मिसळू शकतो. पाकीट बघायला मागा, त्यात संकोच कसला? ‘ग्लुटेन फ्री’साठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. काही थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी चवीला बऱ्याचदा जवाचा माल्ट असतो. सॉसेजमध्ये ब्रेडचा चुरा, हॅश ब्राऊनमध्ये बांधणीसाठी पीठ, मशरूमवर गहू घातलेला सोया सॉस... हेही विचारून घ्या.

घरचे म्हणतात, टोस्टरमधल्या चिमूटभर चुऱ्याने काय होणार?

सिलिअॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ते २ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे स्लाइसच्या दोनशेव्या भागातच मर्यादा संपली! शिवाय त्रास जाणवला नाही म्हणजे आतड्याला इजा झालीच नाही, असं नसतं. तुमचा ब्रेड सगळ्यांच्या टोस्टरमध्ये घालू देऊ नका.

बुफेत काय करावं?

तिथे चमचे या भांड्यातून त्या भांड्यात फिरत असतात. सालीसकट अख्खी फळं घ्या, बाकीचं आतून ताजं करून मागा. गर्दी व्हायच्या आधी गेलात तर स्वयंपाकघराला तुमचं ऐकायला सवडही असते.