सनस्क्रीनपासून उलट मोजत ये

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी कोरियन स्किनकेअरची यादी मिळाली. ऑइल क्लेन्झर, फोम क्लेन्झर, एक्सफोलिएटर, टोनर, एसेन्स, सीरम, शीट मास्क, आय क्रीम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. दहाच्या दहा. खाली विचारलंयस, ‘काकू, यातलं आधी काय घेऊ?’

आधी सनस्क्रीन घे. म्हणजे यादीतली शेवटची वस्तू. मग तिथून उलट वर ये. कुठे थांबायचं ते तुझा चेहराच सांगेल. मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून लोकांच्या हातातल्या बाटल्या आणि त्यांचे चेहरे दोन्ही रोज बघते, म्हणून सांगते. यादी वरून धरणाऱ्यांचे पैसे सीरमपाशी संपतात आणि सनस्क्रीन राहूनच जातं.

हे दहा टप्प्यांचं प्रकरण कोरियात घरोघरी चालतं असंही नाही. तो आकडा जास्त करून बाहेरच्या देशांत गाजला. खुद्द कोरियात आता कमीत भागवायची टूम आली आहे. शिवाय सोलचा जानेवारी म्हणजे सरासरी तापमान शून्याच्या खाली आणि हवा कोरडी ठक्क. तिथे पातळ टोनरचे थरावर थर देण्याला अर्थ आहे. ठाण्यातल्या आपल्या कासारवडवलीच्या जुलैत तेच थर घामाबरोबर कॉलरवर उतरतील. त्यांचा आकडा सोड, क्रम घे: पातळ आधी, दाट नंतर, आणि कुठेही घासाघीस नाही.

तर सनस्क्रीन. एसपीएफ हे यूव्हीबी किरणांपासूनच्या बचावाचं माप; या किरणांनी कातडी भाजते. पीए पुढच्या अधिकच्या (+) खुणा यूव्हीए या दुसऱ्या किरणांपासूनच्या बचावाच्या. यूव्हीए काचेतूनही आत येतात, म्हणजे ऐरोलीच्या ऑफिसात तू खिडकीशी बसतोस तिथेही. आपल्या सावळ्या कातडीला भाजण्यापेक्षा डागांचं भय जास्त. पुळी आठवड्यात जाते, तिचा काळा डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो आणि उन्हाने आणखी गडद होतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी जीव टाकू नकोस. पीएला तीन किंवा चार अधिक असले की झालं.

खरी गोम किती लावतोस यात आहे. प्रयोगशाळेत चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून तो आकडा काढतात. घरी त्याचं माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढं चेहऱ्याला आणि मानेला. मुलगे वाटाण्याएवढं चोळतात आणि कान सोडून देतात, मानेची मागची बाजू सोडून देतात. बाइकवाल्यांचा नेमका तोच पट्टा काळाभोर झालेला असतो, बघ कधी सिग्नलला. दुपारी पुन्हा लावायचं. चारचौघांत ट्यूब काढायला संकोच वाटत असेल तर स्टिक मिळते, खिशात मावते.

आणि कोरियन म्हटलं की डोळे झाकून घ्यावं, असं नाही. २०२० च्या अखेरीस तिथल्या एका फार गाजलेल्या सनस्क्रीनची बाहेरच्या प्रयोगशाळांत तपासणी झाली. डब्यावर ५० च्या वर लिहिलेलं, निघालं २० च्या आसपास. कंपनीला ते विक्रीतून काढावं लागलं.

आता एवढं सनस्क्रीन लावलंस की रात्री ते काढणं आलं. इथे दुहेरी धुणं कामाला येतं, आणि ते तुला नवीन नाही. नरक चतुर्दशीला आई आधी तेल लावते, मग उटणं. मळ तेलात सुटतो, उटणं तेल घेऊन जातं. ऑइल क्लेन्झरमध्ये तेलाबरोबरच ते पाण्यात मिसळवणारा घटकही असतो, एवढाच फरक. म्हणून घरातलं खोबरेल त्याच्या जागी चालत नाही. ते धुतल्यावरही चेहऱ्यावर राहतं आणि पुळ्यांना आमंत्रण देतं.

करायचं कसं ते नीट वाच, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. चेहरा कोरडा, हातही कोरडे. तेल घेऊन मिनिटभर हलक्या बोटांनी फिरव, नाकाच्या कडांना आणि दाढीच्या खुंटांत जरा जास्त वेळ. मग बोटं पाण्यात बुडवून पुन्हा फिरव. तेल दुधासारखं पांढरं होईल. ते पांढरं झाल्याशिवाय धुवायचं नाही. आधीच पाणी मारलंस तर चिकट थर तसाच राहील आणि तू मला सांगशील की काकू, हे तेलबिल मला झेपत नाही. त्यानंतर सौम्य फेसवॉश. हे फक्त रात्री. सकाळी नुसतं पाणी पुरतं. रविवारी घरीच लोळत होतास, सनस्क्रीन लावलंच नव्हतं, तर तेलाचीही गरज नाही.

फेसवॉश निवडताना तुमच्या टॉवरचं पाणी लक्षात घे. घोडबंदरला टँकर आला की त्यात बोअरचं जड पाणी असण्याचा संभव मोठा. जड पाण्यात साबण चोथा धरतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. तो तोंडावरही बसतो. त्यात साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचं माप, ९-१०, कातडीचा ५ च्या जवळपास. धुतल्यावर गाल ताणल्यासारखे होतात ना, ती स्वच्छता नव्हे. साबणविरहित, साडेपाचच्या आसपास पीएच असलेलं काहीही घे. देशी घे, माझी काही हरकत नाही.

पहिला महिना या दोन-तीन वस्तूंवरच काढ. एसीत दिवसभर बसून गाल ओढायला लागले तर जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर जोड. नवीन वस्तू एका वेळी एकच, आधी कानामागे चार-पाच दिवस लावून बघायची. पाच बाटल्या एकदम सुरू केल्यास आणि चेहऱ्यावर पुरळ उठलं, तर दोष कुणाला देणार?

डागांसाठी पुढे निआसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार असलेलं सीरम, जोडता येईल. १० टक्केवाली बाटली बघून हुरळू नकोस. कोरियाच्या नियमांत उजळपणाच्या दाव्यासाठी याचं प्रमाण २ ते ५ टक्के ठरलेलं आहे. ज्याला तिकडे सिका म्हणतात ती आपली मंडूकपर्णी. चेहरा लाल होत असेल तर बरी. एक्सफोलिएटर, म्हणजे मेलेली कातडी काढणारं, आठवड्यातून एकदा, आणि दाढी केल्या दिवशी अजिबात नाही. आय क्रीम आणि शीट मास्क यादीतून खोड. मास्क हौसेचा असतो, हौस म्हणून कर.

कपाळावर हेल्मेटखाली एकसारख्या आकाराचे बारीक, खाजणारे पुरळ आले तर मात्र सगळं थांबव. ती नेहमीची मुरमं नसण्याची शक्यता आहे. आपल्या दमट हवेत मॅलासेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळांशी माजते, आणि काही तेलकट क्रीमं तिला खाद्य पुरवतात. त्याला औषध वेगळं असतं आणि ते त्वचेच्या डॉक्टरांनीच द्यायचं.

ऑनलाइन स्वस्तात मिळालं तर खोकं उलटून बघ. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणीचा क्रमांक आणि एमआरपी छापलेली हवी. कोरियन तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असते. ती एकच असेल तर माल बनल्याची की संपण्याची, हे आयातदाराच्या स्टिकरवर ताडून घे. उघड्या डबीच्या चित्रात १२एम लिहिलेलं असेल तर झाकण उघडल्यापासून बारा महिने. सनस्क्रीन बाइकच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस.

राहता राहिली ती ट्यूब. आई फोनवर म्हणाली, केस कापतोस तिथल्या कुणीतरी उजळायला म्हणून दिलीये आणि आठवड्यात फरक पडला म्हणून तू खूश आहेस. आठवड्यात फरक पडला यानेच मला काळजी वाटते. खोक्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असं काही आहे का बघ. ही स्टेरॉइडं आहेत; २०१८ साली सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, नको तिथे लव येते, आणि सोडायला जावं तर आगआग होते. यापैकी एखादं नाव दिसलं तर नवी खरेदी काहीही करू नकोस. ट्यूब बंद कशी करायची हेही डॉक्टरांनाच विचारायचं, कारण बरेच दिवस लावलेली एकदम सोडली तर चेहरा उसळतो.

शनिवारी दुपारी दुकानात गर्दी नसते. नौपाड्यात ये, ट्यूब खोक्यासकट घेऊन ये. डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवते.

तुझी,
काकू