कारीट आणि पहाटेची आंघोळ

चि. चिनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नरकचतुर्दशीला मी तुझ्या पायाखाली कारल्याचा तुकडा ठेवला, तेव्हा तू विचारलेस, "बाबा, खायची भाजी पायाने का चिरडायची? आणि त्यासाठी अंधारात का उठायचे?" तेव्हा तुला शाळेची घाई होती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

खरे तर तिथे कारीट हवे होते. आमच्या मालवणकडे पाऊस सरता सरता कुंपणावर रानवेली पसरतात आणि त्यांना लहानशी, अंड्याच्या आकाराची, अतिशय कडू फळे धरतात, तीच कारिटे. टोरोंटोत ती मिळत नाहीत, म्हणून कडूपणापुरते कारले घेतले. हे फळ म्हणजे नरकासुर. त्याने हजारो स्त्रियांना कैदेत टाकले होते. श्रीकृष्णाने त्याचा वध करून त्यांना सोडवले, तो दिवस आश्विन वद्य चतुर्दशीचा मानतात. त्या पहाटे कृष्ण घरी परतला, तेव्हा त्याला तेल लावून न्हाऊ घातले आणि ओवाळले, अशी कथा आहे. चतुर्दशीची बारीक चंद्रकोर सूर्योदयाच्या थोडी आधी उगवते आणि त्याच वेळी अभ्यंगस्नान करायचे असते, म्हणून तुला अंधारात उठवले.

माझी आजी आम्हां भावंडांना ओळीने पाटावर बसवी. कोमट खोबरेल टाळूवर थापताना तिच्या बांगड्या कानाशी वाजत. मग नागरमोथा, वाळा, कचोरा घातलेले उटणे. ते अंगाला खरखरीत लागे, पण त्याचा वास दिवसभर हाताला राही. चुलीवरच्या हंड्यातले कढत पाणी अंगावर पडले की थंडी पळे. आंघोळ झाली की ओल्या केसांनीच तुळशीपुढे जायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, "गोविंदा, गोविंदा" म्हणून ओरडायचे आणि त्याचा रस जिभेला लावायचा. ती कडू चव जिभेवर असतानाच आजी ओवाळी आणि पुढ्यात पोहे येत: दुधातले, दह्यातले, गूळखोबऱ्याचे आणि तिखट. ते नव्या भाताचे, घरी कांडलेले असत. आश्विनात भात घरात येतो, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी लाडू-चकलीपेक्षा पोह्यांचा मान मोठा. गोव्यातही तसाच आहे, आणि तिथे तर नरकासुराचे मोठे पुतळे करून पहाटे जाळतात.

पुढच्या वर्षी रस जिभेला लावायला विसरू नकोस. यंदा तू तोंड फिरवलेस. आणि तुझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला तेल तूच लाव, मी कोमट करून देईन.

तुझा
बाबा