हेल्थ प्लॅन ‘अक्रेडिटेड’ (दर्जा तपासून मान्यता मिळालेला) आहे म्हणजे तो सरकारने तपासलाय का?

तुम्ही विचारलंय: न्यू जर्सीत आईसाठी मेडिकेअर ॲडव्हान्टेजचा (मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ॲडव्हान्टेज म्हणजे तोच खासगी कंपनीमार्फत) एचएमओ प्लॅन, म्हणजे ठरावीक डॉक्टर-रुग्णालयांच्या जाळ्यातला, बघतोय, माहितीपत्रकावर ‘एनसीक्यूए’चा शिक्का आहे, तो सरकारी समजायचा का?

नाही. असे प्लॅन विकणाऱ्या एका कंपनीच्या कम्प्लायन्स (नियमपालन) खात्यात मी काही वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. एनसीक्यूए (नॅशनल कमिटी फॉर क्वालिटी ॲश्युरन्स) ही हेल्थ प्लॅनचा दर्जा तपासणारी, 1990 सालची खासगी, ना-नफा संस्था. तपासणीची फी प्लॅनच भरतो. (फी तर आपणही दहावीला भरायचोच म्हणा, पण बोर्ड निवडायची मुभा नव्हती. इथे एनसीक्यूए नको तर यूआरएसी ही तशीच दुसरी संस्था आहे.)

सरकार असतं ते एक पायरी वर. 1997 च्या बॅलन्स्ड बजेट ॲक्टने सोय केली की, सरकारची मंजुरी मिळालेल्या अशा संस्थेने पास केलेला प्लॅन मेडिकेअरच्या ठरावीक अटी पाळतो असं ‘मानायचं’. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणातलं ‘मानीव’ आठवा, तसंच हे. वैद्यकीय नोंदींची गोपनीयता, उपचार मिळण्याची सोय, भेदभाव न करणं, अशा अटी त्यात येतात.

आता त्या संस्थेवर नजर कोणाची? सीएमएसची, म्हणजे मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय खात्याची. मंजुरी जास्तीत जास्त 6 वर्षांची, आणि तीही राजपत्रात, फेडरल रजिस्टरमध्ये, जाहीर करून. पुढे संस्थेने पास केलेल्या प्लॅनची सीएमएस स्वतः पाहणी करून संस्थेचे आणि आपले निष्कर्ष ताडून बघू शकतं. 20 टक्के किंवा जास्त तफावत निघाली तर संस्थेला मंजुरी काढून घेण्याची नोटीस. रुग्णांच्या जिवाला तातडीचा धोका दिसला, तर संस्थेने सीएमएसला 3 दिवसांत कळवायचं. मला ही 20 टक्क्यांची मर्यादा सैलच वाटायची. अर्थात सरसकट गोंधळ दिसला, तर टक्केवारी न बघताही कारवाई करता येते.

शिक्क्यापेक्षा मेडिकेअरच्या संकेतस्थळावरचे 5 पैकी तारे बघा. ते सीएमएस स्वतः देतं. गंमत म्हणजे त्यामागची बरीच मोजमापं एनसीक्यूएच्याच ‘हेडिस’मधली, म्हणजे प्लॅनचा दर्जा मोजायच्या तिच्या निकषसंचातली, आहेत!

आणि उद्या आईचा एमआरआय नाकारला, तर एनसीक्यूएला फोन करत बसू नका. अपील हा विषय त्या ‘मानीव’ यादीत नाहीच. आधी प्लॅनकडे अपील करा. त्यांनी नकार कायम ठेवला, तर प्रकरण त्यांनाच बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे पाठवावं लागतं, तुम्ही वेगळा अर्ज न करता.