डब्यातल्या बिया फेकू नका

देवगडजवळच्या एका बागायतदार वडिलांचं पत्र आलंय. 'आम्ही गेल्या वर्षी मेडिकलची नीट दिली, ४१२ गुण आले. यंदा पुन्हा देतोय. पण मुलीचं लक्ष नाही. फळं-बिया चिरून डब्यात भरते. दगड झालेल्या फळांवरचं कुठलं तरी व्याख्यान ऐकून आली आणि आता तेच करणार म्हणते. त्यानं पोट भरत नाही, हे तिला पटवून द्या.'

'आम्ही' नीट दिली म्हणजे कोणी दिली हो? दोन पानांच्या पत्रात क्लासची फी आहे, बागेवरचं कर्ज आहे, आतेभाऊ डॉक्टर झाला तेही आहे. मुलीचं वाक्य एकच: 'मी यंदा बसणार नाही.' त्यापुढे तुम्ही कंसात लिहिलंय, उद्धटपणा. मला त्यात उद्धटपणा दिसला नाही. वर्षभर पेपर सोडवून मग ती हे बोलली आहे. तिला गप्प करायला तुम्हाला माझी सही हवी आहे, ती मी देणार नाही. क्लासला घातलेले पैसे गेले, हे खरं. ते वसूल करायला तिचं आणखी एक वर्ष लावू नका.

आता तुमचा गैरसमज. 'इतक्या जुन्या फळाचा डीएनए काढायची मशिनं परदेशात, इथे राहून ही काय करणार?' अहो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या फळात डीएनए उरतच नाही. उरते ती रचना. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलानला दख्खनच्या लाव्हाथरांच्या मध्ये जे गारगोटीसारखे दगड सापडतात, त्यांत सिलिका पेशीपेशीत मुरून फळं टिकली आहेत. दगड कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, आम्लाला वरचा थर किंचित खाऊ द्यायचा, की पेशींच्या भिंती उभ्या राहतात. त्यावर ॲसिटोन ओतून पातळ फिल्म चिकटवायची आणि वाळल्यावर सोलून काढायची. फिल्मवर फळाचा काप उमटतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कप्पे किती, बी कुठे चिकटलंय, कवचाच्या पेशी कशा रचल्यात, फळ कुठल्या शिवणीवर उकलतं, यावरून कूळ ठरतं. दगड झालेल्या वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी तिथल्या एका फळाला 'एनिग्मोकार्पॉन' नाव दिलं, म्हणजे कोड्यात टाकणारं फळ. ते मेंदी-डाळिंबाच्या कुळात बसलं. तुमच्या खाडीतली चिपीही त्याच कुळातली.

द्राक्षाची बी घ्या. एका अंगाला दोन खाचा दिसतील. तशाच खाचांच्या बिया दख्खनच्या दगडात मिळाल्या आणि २०१३ मध्ये त्यांना 'इंडोव्हिटिस चितलेई' नाव मिळालं, नागपुरात शिकवलेल्या डॉ. श्या चितळे यांच्यावरून.

पण दगडातली खाच ओळखायला आजची बी आधी हातात लागते. आंब्याची कोय, उंडी, सुरंगी, कोकम, सगळं आडवं-उभं चिरून, लेबल लावून ठेवलेलं. तुम्ही 'कचरा' म्हणता तो डबा म्हणजे तिचा संदर्भसंग्रह आहे. काजूची ओली बी चिरताना तेलानं तिचे हात सोलले, असं तुम्हीच तक्रारीच्या सुरात लिहिलंय. पुढच्या वेळी हातमोजे आणून द्या.

मार्ग सरळ आहे: बीएस्सी वनस्पतिशास्त्र, जोडीला जमेल तिथे भूशास्त्र, एमएस्सी, नेट किंवा गेट ही परीक्षा, मग पीएचडी. लखनऊची बिरबल साहनी संस्था आणि पुण्याची आघारकर संस्था, ही दोन नावं लिहून ठेवा.

पोटाचं विचारलंत, तर खोटं सांगत नाही. संशोधनाच्या जागा मोजक्या, पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं जातील आणि बरेच जण शेवटी कॉलेजात शिकवतात. मात्र काप घेऊन ओळखायची ही नजर औषधी वनस्पतींतली भेसळ पकडायला लागते, बियाणं तपासायला लागते, उत्खननात सापडलेले जळके दाणे ओळखायलाही लागते. आंब्याच्या बागेतही मोहोर गळला तर तुम्ही नशिबावरच बसता ना? मग पोरीच्या बाबतीतच हमीपत्र कशाला?

एक करा. आज नारळ सोलाल तेव्हा तिला विचारा, डोळे तीनच का आणि कोंब एकातूनच का येतो. ती सांगत असताना मध्ये बोलू नका. मग मला पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे, नीटचा फॉर्म भरण्याच्या आधी.